थकव्याचा माग औषधांच्या डब्यात

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की आपल्याकडे घरी सत्यनारायण घालतात. घालावाही. वर्षभर धास्तावलेल्या घराला चार माणसं जमवावीशी वाटली तर त्यात वावगं काही नाही. पण माझ्या मावशीकडे पूजा होती त्या दिवशी, प्रसादाचा शिरा परतता परतता तिने मध्येच गॅस बंद केला आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. हॉलमधून कोणीतरी विचारलं, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आले ना?" ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून पुन्हा शिरा परतायला लागली.

रिपोर्ट खरोखरच नॉर्मल होते, आणि थकवाही तितकाच खरा होता. दिवसभर राबून येणारा थकवा झोपेने उतरतो. हा रात्रभर झोपून उठल्यावरही अंगावर असतोच, आणि केलेल्या कामाशी त्याचं प्रमाण जुळत नाही. आंघोळ करून केस पुसेपर्यंत हात गळून जातात. केमो किंवा रेडिएशन घेतलेल्या बहुतेकांना तो कमी-जास्त गाठतो. रेडिएशनमध्ये तर तो आठवड्यागणिक साचत जातो आणि शेवटी शेवटी, किंवा संपल्यानंतरच्या लगेचच्या काळात, सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणजे घरचे 'सुटलो बाबा एकदाचे' म्हणतात, नेमके तेच दिवस. पुष्कळांचा थकवा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षं रेंगाळतो.

घरच्यांचा गोंधळ होतो तो केमोपासूनच. उलट्या आणि अॅलर्जी टाळण्यासाठी केमोबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने एक-दोन दिवस माणूस तरतरीत होतो, रात्री झोप उडते, बाई पहाटे उठून कपाट लावायला घेते. स्टेरॉइड उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आडवी पडते. तिला बघणारा म्हणतो, परवा तर ठणठणीत होती, आज काय झालं? पुढे पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन खाली येतात ते आणखी वेगळं. एवढं एक नीट समजावून सांगितलं असतं तर कितीतरी घरांतलं 'मनावर घे जरा' हे बोलणं वाचलं असतं.

पण आज मला बोलायचंय ते औषधांच्या डब्याबद्दल. उपचार चालू असताना गोळ्या वाढतात, बदलतात, डोस वरखाली होतात. प्रत्येक बदलाला त्या वेळी कारण असतं. उपचार संपतात तेव्हा मात्र हा सगळा हिशेब पुन्हा मांडून बघायला कोणी बसत नाही, आणि थकव्याचा काही भाग त्या डब्यातच पडून असतो.

मधुमेह असलेल्या माणसाचं बघा. स्टेरॉइडने साखर चढते म्हणून केमोच्या काळात इन्सुलिन किंवा गोळी वाढवतात. स्टेरॉइड बंद होतं, खाणं कमी झालेलं असतं, वजन उतरलेलं असतं, आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. मग दुपारी बाराला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. घरात सगळे म्हणतात, अशक्तपणा. असते ती साखर खाली गेलेली. रक्तदाबाच्या गोळीचंही तेच: दहा-बारा किलो वजन उतरल्यावर जुना डोस भारी पडू शकतो आणि उठलं की भोवळ येते.

मावशीच्या डब्यात सापडलं ते याहून साधं होतं. तिला थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होती. कॅन्सरसाठी तिला चालू असलेल्या हॉर्मोनच्या गोळीने हाडं विरळ होतात म्हणून तिला कॅल्शियम सुरू केलं. ती दोन्ही गोळ्या सकाळी पाण्याच्या एकाच घोटाबरोबर घ्यायची. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी अंगात नीट शोषली जात नाही. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर लागतं. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. टीएसएच तपासलं तर वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर गेलं. तिचा सगळा थकवा त्याने गेला असं मी म्हणणार नाही, पण दुपारी पाठ टेकल्याशिवाय निभत नव्हतं, ते पुढे निभायला लागलं.

स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या हॉर्मोनच्या गोळ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण ही औषधं पाच वर्षं, कधी दहा वर्षंही घ्यावी लागतात. टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतल्याने कॅन्सर उलटण्याचा धोका आणखी कमी होतो, हे 'अॅटलास' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने 2012 मध्ये दाखवलं. इतका लांबचा पल्ला थकव्यासकट कसा काढायचा, हे मात्र बाईला कोणी सांगत नाही. टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोलने सकाळी बोटं आखडतात, कणीक मळवत नाही. मग काही बायका गोळी गुपचूप बंद करतात आणि फॉलोअपला 'घेते ना' म्हणून सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पर्याय असतात. एक गोळी सोसवत नसेल तर डॉक्टर मध्ये थोडे दिवस थांबवून दुसरी सुरू करू शकतात, आणि एकीने सांधे धरले म्हणून दुसरीने धरतीलच असं नाही. त्यासाठी त्रास मोकळेपणाने सांगावा लागतो.

गोळी बदलते तेव्हाही डबा तपासावा. दोन-तीन वर्षं टॅमॉक्सिफेन घेऊन झाल्यावर, पाळी कायमची गेलेली असेल तर, बऱ्याच जणींना लेट्रोझोलच्या गटातल्या गोळीवर नेतात. जुन्या स्ट्रिपा घरात शिल्लक असतात, त्या फुकट कशाला घालवायच्या म्हणून दोन्ही चालू राहतात. शिवाय केमिस्टकडे दर महिन्याला कंपनी बदलते, स्ट्रिपचा रंग बदलतो, आणि तीच गोळी नवी म्हणून दोनदा घेतली जाते. म्हणून कंपनीचं नाव सोडून औषधाचं मूळ नाव वहीत लिहून ठेवावं. आणखी एक: मन खचलं म्हणून जवळच्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिलं, तर टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूप तयार होण्यात त्यांचा अडथळा येतो. त्याऐवजी चालणारी दुसरी औषधं आहेत, पण टॅमॉक्सिफेन चालू आहे हे त्या डॉक्टरांना कळायला तर हवं.

ताकदीसाठी म्हणून शेजारून आलेली पुडीही याच डब्यात मोजा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. माझं मत विचाराल तर, केमोने आधीच ताण पडलेल्या यकृतावर हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. आपल्या मनाने औषध थांबवूही नये, आणि कित्येक आठवडे रोज स्टेरॉइड घेतलेल्याने ते एका दिवसात बंद करणं तर धोक्याचंच. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवावा लागतो.

सगळाच थकवा गोळ्यांचा नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासावं, झोप आणि मन कसं आहे ते विचारावं. हे सगळं ठीक असूनही थकवा राहिला तर ज्या उपायाला सगळ्यात भक्कम आधार आहे तो घरच्यांना पटत नाही: चालणं. नुसतं पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, एवढं पुरे. कॅन्सर हाडांत गेला असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर केमो चालू असताना चालणं वगैरे सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं.

ओपीडीची अडचण मला दिसते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून माणसं येतात, आणि डॉक्टरांपुढे बसायला मिळतात जेमतेम काही मिनिटं. त्यात गाठ, स्कॅन, पुढची तारीख एवढंच मावतं. पण थकवा शून्य ते दहामध्ये किती, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा प्रश्न नेमाने विचारायला सांगितलाय, आणि आकडा चार किंवा जास्त आला तर कारण शोधायला. आपल्याकडे तो नर्सने वजन घेतानाच विचारावा आणि फाइलवर वजनाशेजारी लिहावा. तोपर्यंत रुग्णाने आकडा स्वतःच लिहून न्यावा आणि गोळ्यांचा डबा, पुड्यांसकट, पिशवीत घालून टेबलावर ठेवावा. यातली कुठली गोळी आता कमी किंवा बंद करता येईल, हे खुर्चीत बसल्या बसल्या, स्कॅनचा विषय निघायच्या आधी विचारावं.