रुपर्टचे जहाज आणि मुंबईची गोदी

गेल्या एप्रिल महिन्यात भोपाळच्या आनंदनगरातील एका मुलाने आम्हांस विचारले, “फादर, १४ तारखेला आगीच्या बंबवाल्यांचा दिवस का पाळतात?” रायसेन मार्गावरील त्या वस्तीपासून समुद्र शेकडो मैल दूर; तरी या प्रश्नाचे उत्तर एका जहाजात आहे, आणि ते जहाज बांधले गेले थेट कॅनडात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रुपर्ट नावाचे बंदर आहे. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वे कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथे जहाजबांधणीची गोदी उभारली. ज्या चार्ल्स हेज यांनी या बंदराचे स्वप्न पाहिले, ते १९१२ साली टायटॅनिकबरोबर बुडाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने बुडवू लागल्या, तेव्हा कॅनडातील गोद्या रात्रंदिवस राबू लागल्या. साधा आराखडा, वाफेचे यंत्र, सुमारे दहा हजार टन भार वाहण्याची शक्ती, अशी तीनशेंहून अधिक जहाजे त्या देशाने युद्धकाळात बांधली. ब्रिटनच्या सेवेस दिलेल्या अशा अनेक जहाजांना जुन्या व्यापारी ठाण्यांची, म्हणजे ‘फोर्ट’ची, नावे मिळाली. १९४२ साली रुपर्टच्या गोदीतून निघालेले ७,१४२ टनी ‘फोर्ट स्टिकीन’ त्यांतीलच एक.

बांधणाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. घात झाला तो भरणाऱ्यांच्या हातून. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते बर्कनहेडहून निघाले, तेव्हा पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, विमाने आणि ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यावर कापसाचे हजारो गठ्ठे आणि वंगणतेलाची पिंपे चढविण्यात आली. दारूगोळ्याशेजारी कापूस! आपल्या खेड्यातील पोरही चुलीजवळ कडबा रचीत नाही. कप्तान नायस्मिथ यांनी हरकत घेतली. पण युद्धाच्या घाईत ती कोण ऐकणार?

१४ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, दुपारी दोनच्या सुमारास, धूर दिसला. बंब आले, नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले गेले. जहाज बुडवावे की खोल समुद्रात न्यावे, याविषयी अधिकाऱ्यांची मते निरनिराळी. निर्णायक आज्ञा मात्र कोणीच दिली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकानेही धक्का टिपला. नायस्मिथ गेले, आणि शेवटपर्यंत नळ्या धरून उभे राहिलेले ६६ अग्निशामक गेले. त्यांच्याच स्मरणार्थ तो दिवस पाळतात.

आणि इतर? गोदीतील हमाल, आसपासच्या चाळींतील माणसे? कोणी आठशे म्हणतात, कोणी तेराशे. १९८४ नंतर भोपाळात राहणाऱ्यांना अशा आकड्यांचे दुःख आम्ही काय समजावून सांगावे! सोन्याच्या विटा मात्र मोजलेल्या होत्या. गोदीतील गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या, आणि सापडली ती प्रत्येक वीट नोंदवहीत चढली.