आपल्या स्वयंसेवकाच्या हातात झाडू नको, नोंदवही हवी

५ जून आला, २ ऑक्टोबर आला की स्वच्छता मोहिमांचे निरोप सुरू होतात. नदीकाठ, किल्ला, समुद्रकिनारा, रेल्वे स्टेशन. टी-शर्ट मिळतात, हातमोजे मिळतात, फोटो निघतात. आता आपल्या वस्त्यांतल्या तरुण मंडळांनाही आवर्जून बोलावले जाते आणि आपली मुले उत्साहाने जातात. पर्यावरणासाठी वेळ द्यायला कोणाचाच विरोध नाही. पण त्या सकाळी गोळा केलेला कचरा दुपारी ट्रकमध्ये भरला जातो, तो ट्रक कुठे रिकामा होतो? तिथे शेजारी कोण राहते? तो कचरा पुन्हा हाताने कोण चिवडते? मोहिमेच्या बॅनरवर या प्रश्नांची उत्तरे नसतात.

सवर्ण घरातला तरुण दोन तास झाडू मारतो, ती सेवा ठरते. आपल्या आजीने तेच काम आयुष्यभर केले, ते तिच्या जातीचे काम ठरले. झाडू तोच, पण अर्थ दोन. हा फरक समजून न घेता आपण पर्यावरणाच्या कामात उतरलो, तर व्यवस्थेने आपल्याला नेमून दिलेली जुनीच जागा नव्या टी-शर्टमध्ये स्वीकारू.

मग आपला पर्यावरणवाद कोणता? त्याचे उत्तर महाडमध्ये आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव कागदावर होता, पाणी मात्र बंद होते. ते पाणी ओंजळीत घेणे हा नैसर्गिक साधनावरचा हक्क होता. हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती: मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, गावाची घाण वाहण्याच्या वतनी कामातून बाहेर पडा. महाडचे हे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. चांगल्या पाण्यावर आमचा हक्क आहे आणि तुमची घाण वाहणे आमचे कर्तव्य नाही. आंबेडकरी पर्यावरणवादाची व्याख्या एवढीच आहे.

आणि तेव्हाच्या सनातन्यांनी काय केले? तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही टाकलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्यात ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण टाकले म्हणजे पाणी शुद्ध होते, माणसाने हात लावला की अशुद्ध! ज्या समाजाची शुद्धतेची कल्पना अशी आहे, त्याने स्वच्छतेचे धडे आपल्याला द्यावेत का? पुढे कोर्टाची लढाई चालली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. ती लढाई कागदपत्रे आणि पुरावे यांच्या बळावर जिंकली गेली, हे लक्षात ठेवा.

आता महाडहून मुंबईला येऊ. देवनारची कचराभूमीही १९२७ पासूनची. महाडचा सत्याग्रह आणि देवनारचा कचरा एकाच वयाचे आहेत. १३० हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या या जागेवर अख्ख्या शहराने पिढ्यान् पिढ्या कचरा टाकला. 'लोक तिथे राहायला गेलेच कशाला?' असे विचारणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांना इतिहास सांगा. शिवाजीनगरसारख्या वसाहती १९७० च्या दशकात शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या लोकांसाठी पालिकेनेच वसवल्या. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून माणसे चीता कॅम्पला आणून टाकली, ती याच पट्ट्यात. म्हणजे शहराने आधी कचरा इथे आणला, मग नको असलेली माणसे इथे आणली. दलित, मुस्लिम, भटके, परप्रांतातून पोटासाठी आलेले.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला मोठी आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा शहर हादरले, कारण धूर शहरात पोहोचला. भिंतीला लागून राहणाऱ्यांना लहानमोठ्या आगी, धूर आणि खोकला नवीन नव्हता. गावकुसाबाहेरची वस्ती आणि शहराबाहेरचे डम्पिंग यांत फरक काय, तो कोणी सांगावा.

इथे एक आक्षेप येतो. 'झाडूला नाही म्हणणे म्हणजे श्रमाचा अपमान नाही का? आपलेच हजारो लोक सफाई कामगार आणि कचरावेचक आहेत. कचराभूमी बंद झाली तर त्यांची चूल कशी पेटेल?' आक्षेप रास्त आहे. उत्तर पुण्यात बघा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांनी घाणीचा गौरव केला नाही आणि पोटावर पायही येऊ दिला नाही. आपण शहराचे काम करतो, तर शहराने आपल्याला कामगार म्हणून ओळखावे, ही त्यांची मागणी होती. ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यात हात घालण्याऐवजी दारात वेगळा केलेला कचरा घेणे आणि त्याचे शुल्क मागणे, हा बदल संघटनेने घडवला. त्यांचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. करारासाठी त्यांना पुन्हा पुन्हा झगडावे लागते. पण दिशा तीच आहे. हे काम ज्याला करायचे त्याने करावे, मोबदला घेऊन, साधने घेऊन, कामगाराच्या सगळ्या हक्कांसह. जात म्हणून नाही आणि फुकट सेवा म्हणूनही नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. 'आधी अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती. झाडे-नद्या हे पोट भरलेल्यांचे विषय.' या मित्रांनी अ‍ॅट्रॉसिटी कायदा पुन्हा एकदा वाचावा. अनुसूचित जाती-जमातींचे लोक नेहमी वापरतात तो पाण्याचा स्रोत घाण करून नेहमीच्या वापरास कमी योग्य करणे, हा त्या कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. त्यांच्या घराच्या आवारात किंवा दारात मैला, सांडपाणी, मेलेली जनावरे टाकणे हा गुन्हा आहे. इजा करण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने वस्तीत घाण टाकणे हाही गुन्हा आहे. मेलेली जनावरे उचलायला लावणे, हाताने मैला साफ करायला लावणे हेही त्यातच येते. म्हणजे ज्या कायद्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, तोच कायदा पाणी आणि घाण यांच्याबद्दल बोलतो. अत्याचार आणि पर्यावरण हे दोन विषय आहेत, असे आपल्याला कोणी शिकवले?

मग करायचे काय? प्रत्येक वस्तीत पाच जणांचा गट आणि एक नोंदवही. नळाला पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, रंग-वास कसा होता. नाला शेवटचा कधी उपसला. ट्रक कुठे आणि कधी रिकामे होतात. धूर कोणत्या दिवशी होता. तारीख, वेळ, फोटो. प्रत्येक तक्रार लेखी, प्रत्येक तक्रारीची पोचपावती. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर पाणी तपासणीचे अहवाल मागता येतात.

मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जी पर्यावरणीय जनसुनावणी होते, तिची किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. आपण गेलो नाही म्हणून ती थांबत नाही. कंपनीने आणलेल्या माणसांच्या टाळ्या इतिवृत्तात जातात. म्हणून आपला माणूस तिथे हजर पाहिजे, बोलला पाहिजे आणि हरकत लेखी दिली पाहिजे. पश्चिम विभागासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. पण वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावे लागते, पुरेसे कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळतात. तारखांची नोंद नसेल तर तिथे आपले रडगाणे ठरते. नोंद असेल तर तो पुरावा ठरतो.

जयंती मंडळांनाही एक सांगणे आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून एका दिवसाच्या डीजेचा खर्च बाजूला काढला, तर वस्तीतल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेता येतील. त्या अहवालाचे फलक मिरवणुकीत लावा. वॉर्ड ऑफिसरला त्या दिवशी हार घालायला बोलावता, तर तो अहवालही त्याच्या हातात द्या.

आणि शहरातल्या पर्यावरणवादी मित्रांनी पुढच्या मोहिमेचे निमंत्रण जरूर पाठवावे. आम्ही येऊ. पण किनाऱ्यावरून उचललेला कचरा आमच्या दारात का येतो, या प्रश्नावर ते आमच्या बाजूने पालिकेसमोर बसणार आहेत का, हे त्यांनी आधी सांगावे. झाडांसाठी रात्रभर जागणारे लोक नाल्याकाठच्या माणसांसाठी एक दुपार देतील, तर मैत्री पक्की होईल. नाही दिली, तरी आपले काम थांबत नाही. चवदार तळ्यावर जाताना बाबासाहेबांनी सनातन्यांच्या निमंत्रणाची वाट पाहिली नव्हती.

जय भीम!