दहा मीटर अंतर, एक तास वेळ

विद्यार्थी मित्रांनो, उद्या मधल्या सुट्टीत एक छोटा प्रयोग करा. मोजपट्टी घेऊन शाळेच्या मैदानावर दहा मीटर अंतर मोजा. एका टोकाला मित्राला उभे करा आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे राहा. मित्राचा चेहरा ओळखू येतो, तो हसला तर कळते. पण त्याच्या हातातील वहीवरचे अक्षर काही वाचता येत नाही. आता अशी कल्पना करा, की मित्राच्या जागी दीडशे किलोग्रॅमहून अधिक वजनाचा, पाठीवर रुपेरी केस असलेला एक गोरिला बसला आहे आणि एका वनस्पतीचा देठ सोलून सावकाश खातो आहे. केवळ त्याला पाहण्यासाठी तुम्ही हजारो किलोमीटरचा प्रवास करून आला आहात. तुमचे पाय दहा मीटरवर थांबतील का?

युगांडा देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्विंडी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावा लागतो. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुलझाडे आणि बाके येतात. ब्विंडीत तसे काही नाही. सुमारे ३२१ चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ वर्षावन आहे. त्याची उंची ११६० मीटरपासून २६०७ मीटरपर्यंत आहे, म्हणजे सर्वांत उंच जागा आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ एक हजार मीटरने अधिक. विषुववृत्त अगदी जवळ असूनही या उंचीमुळे हवा थंड असते आणि सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात. उद्यानाच्या अधिकृत नावातच 'दुर्भेद्य' या अर्थाचा शब्द आहे, आणि तो उगीच नाही. शेवटच्या हिमयुगात हवा कोरडी होऊन आफ्रिकेतील कितीतरी जंगले आक्रसली, तेव्हाही येथील वन टिकून राहिले, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच येथे सुमारे ३५० जातींचे पक्षी आणि शंभराहून अधिक प्रकारची नेचे आढळतात. परंतु बहुतेक पाहुणे येतात ते पर्वतीय गोरिला पाहण्यासाठी. (वाटेतील नेचांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांची मला कीव येते, पण तो विषय वेगळा.)

गोरिला दिसतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक गोरिला रोज संध्याकाळी फांद्या आणि पाने वाकवून झोपण्यासाठी नवे घरटे करतो. कळप दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक किलोमीटरच सरकतो. त्यामुळे माग काढणारे कर्मचारी भल्या पहाटे कालच्या जागी जातात, रात्रीची घरटी शोधतात, तेथून मोडलेल्या काटक्या, चावलेले देठ आणि विष्ठा यांच्या खुणा पाहत पुढे सरकतात. कळप सापडला की ते मागून येणाऱ्या वाटाड्याला बिनतारी यंत्रावरून कळवतात. पाहुणे त्या दिशेने चालू लागतात. चढ उभा, पायाखाली ओल्या वेलींची गादी, हात टेकावा तर अंगाची आग करणारी झुडपे! कधी अर्ध्या तासात कळप भेटतो, कधी चार-पाच तास लागतात. एका कळपाला दिवसातून एकदाच भेट द्यावयाची आणि ती आठच पाहुण्यांनी. पंधरा वर्षांखालील मुलांना परवानगी नाही, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांना थांबावेच लागेल. कळप दिसला की घड्याळ लावतात. एक तास झाला की परत फिरावयाचे.

इतके कष्ट करून फक्त एक तास! आणि तोही दहा मीटरवरून? पुष्कळांना हे नियम जाचक वाटतात. मला मात्र ते अगदी योग्य वाटतात, आणि त्याचे कारण जीवशास्त्रात आहे.

माणूस आणि गोरिला यांची आनुवंशिक रचना सुमारे ९८ टक्के जुळते. म्हणून आपल्या शरीरात शिरणारे अनेक रोगजंतू त्याच्याही शरीरात शिरू शकतात. फरक इतकाच, की बालपणापासून सर्दी-पडशाशी झुंजून आपण जी प्रतिकारशक्ती मिळवलेली असते, ती त्याच्याजवळ नसते. २००९ मध्ये विरुंगा पर्वतात, रवांडाच्या बाजूला, एका कळपात श्वसनाचा विकार पसरला. एक प्रौढ मादी आणि एक पिल्लू दगावले. तपासणीत जो विषाणू सापडला, तो माणसाला सर्दी-खोकला करणारा होता. गोरिलाच्या मादीला साधारण चार वर्षांतून एकदा पिल्लू होते. तेव्हा एक मादी गेली म्हणजे कळपाचे किती वर्षांचे नुकसान होते, याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय जगातील एकाही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही. तेथे दिसतात ते दुसऱ्या प्रकारचे. रानातील संपले की संपलेच.

दोष नेहमी पाहुण्यांचाच असतो असे मात्र नाही. ब्विंडीत १९९६ मध्ये एका कळपाला खरूज झाली आणि एक पिल्लू मेले. पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी उरलेल्यांवर औषधोपचार केले. माणसांची सवय झाल्यामुळे हे गोरिला उद्यानाबाहेरच्या केळीच्या बागांत शिरत असत. तेथील बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या, मळक्या कपड्यांतून खरूज आली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. जवळच्या खेड्यात साबण आणि औषध पोचले नाही, तर जंगलातील प्राणी आजारी पडतो! २००३ मध्ये त्यांनी एक संस्था स्थापन केली. गोरिलांबरोबरच गावकऱ्यांच्या आरोग्याचेही काम ती करते.

मग कोणी म्हणेल, एवढा धोका आहे तर माणसांनी तेथे जाऊच नये. हा विचार मीही करून पाहिला. तो टिकत नाही. ब्विंडीत १९९३ पासून पाहुणे येऊ लागले. त्यांच्या पैशातून रक्षकांचे पगार होतात, गस्त चालते. २०१८ मध्ये ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोमधील सारांब्वे या भागात गोरिलांची मोजणी झाली; संख्या ४५९ भरली. विरुंगामधील आधीची ६०४ ही संख्या मिळवून जगातील एकूण पर्वतीय गोरिला १०६३ झाले. १९८० च्या सुमारास एकट्या विरुंगात अडीचशेच्या आसपासच उरले होते, हे लक्षात घ्या. उलट २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटन बंद असताना, जून महिन्यात, राफिकी नावाचा ब्विंडीतील प्रसिद्ध नर शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला. शिकाऱ्याला ११ वर्षांची शिक्षा झाली, परंतु कळपाचा नायक काही परत आला नाही.

तेव्हा जावे, पण नियम पाळून जावे. खरी तक्रार आहे ती येथे. पूर्वी अंतराचा नियम सात मीटरांचा होता. कोविडच्या साथीनंतर तो दहा मीटर झाला आणि तोंडावर मुखपट्टी आली. सात मीटरांच्या काळात ब्विंडीत काही संशोधकांनी प्रत्यक्ष अंतरे मोजली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सरासरी अंतर तीन मीटरांहूनही कमी भरले! काही वेळा खेळकर पिल्लेच जवळ येतात आणि दाट झाडीत मागे सरकणे अवघड असते, हे मान्य. पण चांगल्या छायाचित्रासाठी पाहुणा आणखी एक पाऊल पुढे टाकतो आणि बक्षिसीवर अवलंबून असलेला वाटाड्या त्याला अडवीत नाही, असेही होत असणारच. माझ्या मते वाटाड्याला वरिष्ठांनी निक्षून सांगावे, की पाहुणा रागावला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट प्रवासाच्या माहितीपत्रकात क्वचितच छापलेली असते. या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून आणि मध-कंद गोळा करून राहणारे बाट्वा लोक होते. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांतील बहुतेकांच्या हाती ना जमीन आली, ना भरपाई. आज त्यांच्यापैकी काही जण पर्यटकांना आपले जुने जीवन 'करून दाखवतात'. युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बाट्वांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यांच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. गोरिला पाहण्याचे शुल्क २०२४ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी ८०० डॉलर करण्यात आले. उद्यानाच्या प्रवेश-शुल्कातील २० टक्के रक्कम आसपासच्या गावांसाठी ठेवण्याची कायद्यात तरतूद आहे. पण ज्याला गावच राहिले नाही, त्याचा वाटा कोणी मोजावयाचा? गोरिलाच्या शुल्कातून बाट्वांसाठी स्वतंत्र, ठरावीक वाटा काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. जंगल वाचल्याचा आनंद आपल्याला आणि किंमत मात्र त्यांना, ही वाटणी न्यायाची नव्हे.

आता गुरुजनांना एक विनंती. पुढील प्रसंग वर्गात सांगावा आणि मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे. तुम्ही ब्विंडीला पोचला आहात. पैसे भरले आहेत, मुक्काम झाला आहे, पहाटे बूट घालून निघण्याची तयारी चालू आहे. घसा खवखवतो आहे. ताप नाही, शिंका नाहीत, नुसती खवखव. आजारी माणसाने जावयाचे नाही, हा नियम तुम्हांला ठाऊक आहे आणि वाटाड्या विचारतो आहे, "सगळ्यांची प्रकृती ठीक आहे ना?" तुमच्याशिवाय कोणालाही काही कळणार नाही. काय उत्तर द्याल?