आठ नामांकने, एक नट

पीटर ओटूल या नटाला ऑस्करच्या अभिनय पारितोषिकासाठी आठ वेळा नामांकन मिळाले आणि आठही वेळा तो रिक्तहस्ते परतला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२ सालच्या चित्रपटाने सात पारितोषिके पटकाविली; परंतु ज्याच्या खांद्यांवर तो सारा चित्रपट उभा होता, त्यालाच वगळून! अर्थात त्या वर्षीचा मान ग्रेगरी पेकला मिळाला, आणि 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मधील त्याचा वकील ज्याने पाहिला आहे, तो यास अन्याय म्हणणार नाही.

१९६८ सालची गोष्ट मात्र निराळी. 'द लायन इन विंटर'मध्ये ओटूलने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री रंगविला. हाच राजा त्याने चार वर्षांपूर्वी 'बेकेट'मध्येही साकारला होता. तेथे तो मित्रप्रेमाने पोळलेला तरुण. येथे मुलांच्या हाती राज्य सोपविण्यास धजत नसलेला वृद्ध. पारितोषिक गेले क्लिफ रॉबर्टसनकडे. त्याच्यासाठी झालेल्या जाहिरातींच्या भडिमारावर तेव्हाच टीका झाली होती. पारितोषिकांची संख्या पाहून तिकीट काढणाऱ्यांनी हेन्रीचे हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.

२००३ साली अकादमीने त्याला सन्माननीय पारितोषिक देऊ केले. आपण अजून मैदानात आहोत, तेव्हा ते ऐंशीव्या वर्षापर्यंत राखून ठेवावे, असे त्याने कळविले. अखेर त्याने ते स्वीकारले खरे. पण २००७ साली 'व्हीनस'मधील म्हाताऱ्या नटाच्या भूमिकेसाठी तो पुन्हा स्पर्धेत उतरला, आणि पुन्हा हरला.