रहिमतपूरच्या कॅसेटी

नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव रहिमतपूर. त्यांच्या १९६४च्या ‘मत्स्यगंधा’ नाटकातली बहुतेक पदे त्यांचीच, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. तबकडीवरची ही पदे आज मोबाइलवर क्षणात सापडतात. सापडत नाहीत ती कुणा हौशी माणसाने पहिल्या रांगेत बसून टेप केलेली: वन्समोअरला घेतलेली वेगळी तान, मधला खोकला, टाळ्या. गावोगावच्या भजनी मंडळांचे आणि जत्रेतल्या तमाशाचेही तेच. कॅसेटी माळ्यावर आहेत. फितीला बुरशी धरते, लेप सुटतो आणि वाजवायला धड टेपरेकॉर्डरही उरलेला नाही.

कायद्याची अडचण खरी आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अभिषेकी १९९८ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चाली २०५८ अखेरपर्यंत बांधलेल्या. पण फीत तोवर थांबणार आहे का? आधी जतन करावे, परवानग्या मिळतील तसतसे आंतरजालावर खुले करावे.

नगरपालिकेने आणि वाचनालयाने कॅसेटी संगणकावर उतरवणारे एक चांगले यंत्र घेतले तरी काम सुरू होईल. आवाज मूळ रूपात, न दाबता साठवावा, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्याहून अधिक निकड नोंदींची. कव्हरवर नुसते ‘जत्रा, बाजू ब’ लिहिलेले असते. पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. यंत्र येईपर्यंत वही-पेन घेऊन त्यांच्याकडे जायला कुणाची मंजुरी लागत नाही.