वासाला गिऱ्हाईक एकदाच येते

माझा धंदा कापडाचा. तेव्हा बेकरीच्या आणि शरबताच्या इसेन्समधले या गृहस्थाला काय कळते, असे कोणी विचारले तर ते वाजवीच ठरेल. परंतु इतकी वर्षे ठाण फाडताना एक गोष्ट शिकलो. हलक्या सुताला भरपूर खळ दिली की कापड हाताला जड लागते आणि गिऱ्हाईक खूष होऊन जाते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि कापडाबरोबर दुकानदाराची पतही उतरते. इसेन्स ही खाण्यापिण्याच्या मालाची खळच आहे.

भोरमध्ये एका घरी पाहुणा म्हणून गेलो असता जांभळाचे शरबत पुढे आले. रंग गडद, वास घरभर. सोबतच्या भाच्याने एक घोट घेतला आणि विचारले, "मामू, यात अत्तर टाकलंय का?" सगळे हसले, पण माझ्या मनात ते राहिले. कारण त्याच दिवसांत वेल्ह्याच्या, म्हणजे आजच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरातून करवंदे आणि जांभळे पाट्या भरून बाजारात येतात. संध्याकाळपर्यंत खपली नाहीत तर फुकट जातात. दारात फळ सडते आणि आपण त्याचा वास बाटलीतून विकत आणतो!

इसेन्स म्हणजे विष, असे मात्र मी म्हणत नाही. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलीन जर्मनीत १८७४ साली प्रयोगशाळेत तयार झाले. त्यामुळेच गरिबाच्या केकलाही तो वास परवडला. केळ्याचा वास देणारा जो पदार्थ कारखान्यात बनतो, तोच पिकल्या केळ्यातही असतो. दोष वासात नाही, तो कशात विरघळवला आणि किती घातला यात आहे.

येथे मुंबईची एक घटना विसरू नये. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हाच पदार्थ स्वादद्रव्यात विद्रावक म्हणून वापरण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा बिनलेबलची सुटी बाटली पाच-पन्नास रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून घेणे हा नफा नव्हे. बाटलीवर १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि वापराचे प्रमाण असलेच पाहिजे.

आपल्या बांधवांसाठी आणखी एक प्रश्न आहे. काही इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. त्याबाबत आलिमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल अथवा तेलाच्या पायावरचा इसेन्स मागावा. भट्टीवाल्याला तर हा सौदा तसाही फायद्याचा आहे. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, जाताना पुष्कळसा वास घेऊन जाते, आणि मग कारागीर दुप्पट ओततो. नानखटाईला तेलाच्या पायाचा इसेन्स चालतो. शरबताला मात्र पाण्यात मिसळणाराच हवा, आणि तोही पाक थंड झाल्यावर घालावा. बुचाने ओतण्याची सवय सोडून मापाने घालावा.

आता मुख्य मुद्दा. फळांच्या शरबतात किमान २५ टक्के फळांचा रस असावा, असा नियम आहे. निव्वळ साखर, रंग आणि इसेन्स यांचे पाणी विकायला बंदी नाही, पण ते 'जांभळाचे शरबत' म्हणून विकणे ही फसवणूक आहे. पॉलिस्टरला रेशीम म्हणून विकणाऱ्या कापडवाल्याला आपण काय म्हणतो?

राजगड आणि तोरणा पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. बाटलीतला वास त्यांना शहरातही मिळतो, वेल्ह्याचे जांभूळ मिळत नाही. आपल्या शरबतवाल्यांनी हंगामात फळ खरेदी करून त्याचा गर साखरेत आटवून ठेवावा. वास कमी पडला तर थेंबभर इसेन्स जरूर घालावा आणि तसे पाटीवर स्पष्ट लिहावे. खर्च वाढेल, ग्लासामागे दोन पैसे जास्त घ्यावे लागतील, हे मला मान्य आहे. पण डोंगरातल्या बाईच्या पाटीला भाव येईल आणि आपल्या दुकानाला नाव मिळेल.

वासाला गिऱ्हाईक एकदाच येते. दुसऱ्यांदा येते ते चवीला आणि दुकानदाराच्या जबानीला. कारोबारात बरकत असते ती या दुसऱ्या फेरीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.