पेटीतले लुगडे

आईचे दिवसकार्य उरकले, पाहुणेमंडळी आपापल्या गावी परतली आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात मी व माझी बहीण अशी दोघेच उरलो, तेव्हा माजघरातली आईची लाकडी पेटी आम्ही उघडली. वर नेहमीची चार नेसती पातळे होती, त्यांखाली आम्हा तिघा भावंडांच्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आणि घरपट्टीच्या पावत्या. आणि अगदी तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले बारीक काठाचे एक कोरे नऊवारी लुगडे, त्याच्या घडीत डाख देऊन तोंड बंद केलेला गंगेचा गडू, आणि गाठ मारलेल्या रुमालात पाचशेच्या बारा नोटा. मला त्याचा अर्थबोध व्हायला वेळ लागला. बहिणीला तो तत्क्षणी झाला, आणि ती पेटीच्या कडेला हात टेकून खाली बसली. स्वतःच्या अखेरच्या प्रवासाची तजवीज आईने स्वहस्ते करून ठेवली होती, आणि आम्ही तिला आयत्या वेळी बाजारातून आणलेल्या पातळात निरोप दिला होता.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी ते लुगडे पाहिले, आणि दोन वर्षे त्यांच्यापाशी राहिलेला निरोप तेव्हा कुठे आमच्या कानी आला. आईने त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: श्वास चालू असेतो मला घरी आणावे, अग्नी लेकीने द्यावा, कारण माझे म्हातारपण तिनेच काढले, आणि मागील दारचा रायवळ आंबा सरणासाठी तोडू नये, लाकडे विकत आणावीत, त्याचे पैसे रुमालात आहेत. “मग काकू, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” असे मी विचारले. “तुम्ही मुलगे आला होतात, सगळं भराभर चाललं होतं. मी शेजारीण, मी काय बोलणार?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. आंबा तोवर तोडून झाला होता. ओले लाकूड पेट घेईना म्हणून त्यावर डिझेल ओतावे लागले होते, आणि ते ओतणारा हात माझा होता.

आईने हे आम्हाला का सांगितले नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तिने ते सांगण्याचा प्रयत्न केला होता, एकदा नव्हे, अनेकदा. गणपतीत आम्ही सारे घरी जमलो, जेवणे झाली, ओटीवर पानाचे तबक फिरले, की ती हळूच म्हणे, “माझं काही बरंवाईट झालं तर...” आणि तिचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच आम्ही दोघे भाऊ एका सुरात म्हणत असू, “आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस.” महाराष्ट्रातल्या घराघरांत आज हे वाक्य उच्चारले जात असेल. उच्चारणाऱ्याला ते प्रेमाचे वाटते, ऐकणारीलाही ते प्रेमाचेच वाटत असावे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की जिचा देह, जिचा श्वास आणि जिचा निरोप, तिलाच त्या विषयावर बोलण्याची आपण बंदी करतो, आणि मग तिला आपले अंतरंग शेजारणीपाशी उघडावे लागते.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा आई 81 वर्षांची होती. रत्नागिरीत प्रथमोपचार झाले आणि दुसऱ्याच दिवशी, कोकणातल्या गंभीर रुग्णाच्या बाबतीत जे वाक्य हटकून ऐकू येते ते आम्हीही ऐकले: “कोल्हापूरला हलवा.” आंबा घाटाच्या वळणावळणांवरून रुग्णवाहिका वर चढत होती, बहीण आईचे डोके मांडीवर धरून बसली होती, आणि मी मुंबईहून निघून त्याच रात्री परस्पर कोल्हापूर गाठले. तेथे 17 दिवस गेले. डॉक्टरांनी कसूर केली नाही, परिचारिकांनी तर मुळीच नाही. पण अकराव्या दिवशी कृत्रिम श्वासाचे यंत्र लावायचे की नाही, असे विचारून डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला तेव्हा, पन्नाशी उलटलेली आम्ही तीन शहाणी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिलो. आईला काय वाटेल, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. अज्ञानाने आणि भीतीने मी सही केली. पुढचे सहा दिवस ती सही माझ्या आईच्या घशात नळी होऊन राहिली.

अठराव्या दिवशी पहाटे अतिदक्षता विभागाच्या दारात एका परिचारिकेने मला हाक मारली आणि औषधी जाळीच्या कापडात बांधलेली एक लहानशी पुरचुंडी माझ्या तळहातावर ठेवली. आत आईच्या दोन पाटल्या होत्या. हात सुजल्यामुळे त्या साबणाच्या पाण्याने काढाव्या लागल्या, असे ती हलक्या स्वरात म्हणाली, आणि मनगटाला जराही ओरखडा येऊ दिला नाही, असेही तिने सांगितले. साबणाचा वास त्या सोन्याला आला होता. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढचे सारे विलक्षण त्वरेने घडले. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, बिलाचा भरणा, शववाहिका, परतीचा घाट, मध्ये परत गेलेल्या धाकट्या भावाच्या विमानाची वेळ, तो येईतो देह ठेवण्यासाठी शीतपेटी, तिरडीचे बांबू, मडके, गोवऱ्या, भटजी, वाडीपासून तालुक्यापर्यंतच्या नातलगांना दूरध्वनी. ज्याने त्याने येऊन काही ना काही फर्मावले आणि आम्ही मान डोलावली. घरचे झाड सरणाला द्यायचे ही आमच्या वाडीची वहिवाट, तेव्हा कोयता कोणी मागितला आणि कोणी दिला हे आता कोणालाही आठवत नाही. अंत्यविधीची योजना म्हणून जे काही असते ते अवघ्या पाच तासांत, रडून थकलेल्या आणि झोप न झालेल्या माणसांकडून घडते. आणि अशा माणसांच्या हातून आईच्या मनाचा शोध लागावा अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. तो शोध आधी लागलेला असावा लागतो.

आपल्या जिल्ह्याला आईच्या मृत्यूचे दुःख नवे नाही. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी 1917 साली शिक्षणासाठी पुण्यात असताना त्यांची आई निवर्तली, आणि त्या भेटीवाचून राहिलेल्या मुलाने 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकावर आणि आचार्य अत्र्यांनी 1953 साली काढलेल्या चित्रपटावर महाराष्ट्राच्या चार पिढ्या रडल्या. त्या काळी पुण्याहून पालगडला पोहोचणे हेच मोठे संकट होते. आज कोकण रेल्वे 1998 पासून धावते आहे, मुंबईचा मुलगा एका रात्रीत आईच्या अंथरुणाशी पोहोचतो. तेव्हा अंतराची सबब आता आपल्यापाशी उरलेली नाही. आम्ही तिघेही आईपाशी वेळेवर पोहोचलो होतो. आमचे पोहोचणे तिच्या उपयोगी पडले नाही, कारण न विचारलेला प्रश्न घेऊन आम्ही पोहोचलो होतो.

ज्याच्या देहाविषयी दुसरे निर्णय घेतात त्याचे काय होते, हे पाहायला रत्नागिरीकराने फार दूर जाण्याचे कारण नाही. ब्रह्मदेशचे पदच्युत राजे थिबा यांची एक राणी 1912 साली या गावी वारली आणि स्वतः राजे 1916 मध्ये. दोघांचे देह मायदेशी न्यावेत अशी कुटुंबाची इच्छा, तिला सरकारची मंजुरी नाही. अशा ओढाताणीत वर्षे लोटली आणि अखेर 1919 साली याच मातीत त्यांच्या समाध्या झाल्या. तो राजा परक्यांच्या हुकमतीत होता. आपल्या आया आपल्याच घरात, आपल्याच मायेच्या हुकमतीत असतात, आणि त्यांचीही इच्छा तशीच बाजूला राहते.

याच्या उलट मला समाजसुधारक आगरकरांचे स्मरण होते. बालपणी इंग्रजी शिकण्याच्या ओढीने कऱ्हाडाहून पायी रत्नागिरीस आलेला आणि आश्रय न मिळाल्याने माघारी गेलेला हा मुलगा, 1895 साली वयाच्या अवघ्या 38व्या वर्षी पुण्यात मरण पावला तेव्हा, त्याच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे त्यात बांधून ठेवलेले होते. आजवर मी ही गोष्ट निःस्पृहतेचा नमुना म्हणून वाचत आलो. आईच्या रुमालाची गाठ सोडल्यापासून मला तिच्यात आणखी काही दिसते: मागे राहणाऱ्यांची त्या घटकेला तारांबळ होऊ नये म्हणून मरणाऱ्याने दाखवलेली माया. आगरकरांची पुरचुंडी वेळेवर सापडली. आईची आम्हाला सापडली नाही, कारण कुठे पाहावे हे सांगण्याची मुभाच आम्ही तिला दिली नव्हती.

आता व्यवहाराचे थोडे बोलतो, कारण नुसत्या हळहळीने कोणाच्या आईचे भले होणार नाही. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवावे, या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी, एक प्रत घरच्यांपाशी आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. इतकेच ते काम आहे. नेत्रदानाची इच्छा असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावे लागते, म्हणून ती आधी ठाऊक हवी.  देहदानासाठी 2023 पासून रत्नागिरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, हे 1969च्या कायद्याने ठरलेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहनाविषयीची इच्छा केवळ मृत्युपत्रात लिहू नये. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते, आणि तोवर सारे होऊन गेलेले असते.

लेकीने अग्नी देण्यास कोणताही कायदा आड येत नाही. 1931 साली ज्या गावात पतितपावन मंदिराची दारे सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र उघडली, त्या गावाला आईची 15 वर्षे सेवा केलेल्या लेकीच्या हाती चूड देणे जड जाऊ नये. त्या दिवशी स्मशानात माझी बहीण चार पावले मागे उभी होती, आणि मी, जो वर्षातून दोनदा घरी जात असे, तो पुढे होतो. त्या चार पावलांचे अंतर मला आता रोज दिसते.

कोकणी माणूस कागदाला भिणारा नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद, हद्दीचा दगड, सामाईक विहिरीतला पाण्याचा वाटा, कोणाच्या वाट्याला कोणते कलम आणि कोणता माड, यांची दप्तरे आमच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असतात, आणि वितभर बांधासाठी पणजोबांनी दिलेले जाबजबाब पणतवाला तोंडपाठ असतात. जमिनीविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या समाजाने, जिने ती जमीन सारवली, शिंपली आणि राखली, तिच्या अखेरच्या इच्छेला कागदाचा एक कपटाही देऊ नये, हे मला सहन होत नाही. मी स्वतः माझे लिहून ठेवले आहे. त्याची प्रत माझ्या मुलीकडे आहे आणि ते वाचून ती रडली, तरी तिने ते पुरते वाचले.

आंब्याच्या बुंध्याला यंदा पावसाळ्यात धुमारे फुटले आहेत. बहीण त्यांना गुरांपासून जपते, काट्यांचे कुंपण तिने स्वतः घातले आहे. लुगडे तिने पुन्हा पेटीत ठेवले आहे आणि ते कोणासाठी, हे तिने मला सांगितले; मी तिला अडवले नाही.

येत्या गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतील, पाच-सात दिवस घरे भरतील आणि रिकामी होतील. त्यांतल्या प्रत्येक मुलाला माझी हात जोडून विनंती आहे: एक दुपार आईजवळ निवांत बसा, बहिणीलाही बोलवा, आणि आई बोलू लागली की तिला गप्प करू नका. सुरुवात कशी करावी असा प्रश्न पडला, तर एवढेच म्हणा, “आई, पेटीत काय ठेवलं आहेस, ते एकदा दाखव ना.”